मागची डावी बाजू

कॅम्पर व्हॅन घ्यायची कल्पना सौमित्रची, आणि तिच्यामागचा डावही त्याचाच. अक्षयाने ठरवून टाकलं होतं की येत्या मार्चनंतर आर्याला घेऊन ती पुण्याला परत जाणार. पोरगी सहा वर्षांची झाली, मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते, फोनवर आजीशी बोलायची वेळ आली की पडद्यामागे लपते; आता शाळेपासून तरी तिला आपल्या माणसांत राहू दे, असं अक्षयाचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच सौमित्र घाबरला होता. जपानमध्ये, एदोगावातल्या त्या फ्लॅटमध्ये एकट्याने राहायचं त्याला नको होतं. शनिवार-रविवार तिघांनी भटकावं, डोंगरात चहा करून प्यावा, गाडीतच झोपावं, मग बघू कोण पुण्याचं नाव काढतं, असा त्याचा हिशेब.

गाडी सत्तरच्या दशकातली, जर्मन बनावटीची, फिकट हिरवी. आत लाकडी कपाटं, छोटी शेगडी, घडीचा पलंग. ऑफिसातला नंदू ती पाहायला आला तेव्हा म्हणाला, "अरे, ही तुझ्याहून वयाने मोठी आहे. आधी वाकून नमस्कार कर."

टायर मात्र पार तडकले होते. शाकेन, म्हणजे इथली सरकारी गाडी-तपासणी, तोंडावर आली होती. दोन हजार पाच साल होतं. सौमित्र एका बँकेच्या प्रोजेक्टवर सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधून पोट भरणारा माणूस टायर काय सुखासुखी निवडतोय? ट्रेनमध्ये उभ्याउभ्या तो टायरवरची माहिती वाचत राही. साध्या मोटारीचे टायर अशा जड गाडीला चालत नाहीत, त्यांची कड मऊ असते, वाऱ्यात गाडी डुलते. छोट्या मालट्रकचे हवेत. इतकं ज्ञान मिळवून झाल्यावर एका रविवारी सगळ्यांना घेऊन तो नदीपलीकडे चिबात मोरिता-सानच्या टायरच्या दुकानी गेला.

मोरिता-सान साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी चकचकीत, रुंद अ‍ॅलॉय चाकं दाखवली. सौमित्रने टेप लावली. टायर मडगार्डच्या बाहेर येत होता, म्हणजे शाकेनमध्ये नापास. तेवढ्यात त्याला दुकानाच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली मूळ पोलादी चाकं दिसली. क्रोमच्या टोप्यांसकट, एकावर एक रचलेली.

"ही?"

"ती कोणी नेत नाही," मोरिता-सान म्हणाले.

"वाकलीत का?"

"नाही. सरळ आहेत. गंजही नाही."

"याच मॉडेलच्या गाडीची ना? ती गाडी कुठे आहे?"

मोरिता-सान हात पुसत राहिले. "चाकं तेवढी सापडली," ते म्हणाले.

परक्या भाषेत असं अर्धवट काही कानावर आलं की सौमित्र ते आपल्या कच्च्या जपानीच्या खात्यावर टाकायचा. आताही त्याने तेच केलं. चाकं गाडीला अगदी बेतून केल्यासारखी बसली. नवे टायर चढले, गाडी वयाने दहा वर्षं लहान दिसायला लागली. निघताना मोरिता-सान वाकले, पण गिऱ्हाइकाकडे बघून नाही. चाकांकडे बघून.

घरी आल्यावर अक्षया चक्क पूजेला तयार झाली. सौमित्रला तर आनंदाने काय करू अन् काय नको असं झालं. तिने चाकांना हळदकुंकू लावलं. लिंबं काढली होती, पण पार्किंगमध्ये लिंबं चिरडली तर खालच्या ओनोबाई कचऱ्याच्या वारांचं वेळापत्रक घेऊन दारात उभ्या राहतील, म्हणून लिंबं परत फ्रिजमध्ये गेली. त्याऐवजी, लांबून घरी आलेल्या माणसाचं करतात तसं करू, असं तिच्या मनात आलं. भाकरी कुठली मिळायला, तिने ब्रेडचा तुकडा ओवाळून टाकला, चारही चाकांवर तांब्याने पाणी घातलं आणि हसत म्हणाली, "या, आता आपलंच घर समजा."

आर्या बाजूला उभी राहून सगळं नीट बघत होती.

दोन सहली उत्तम झाल्या. अक्षया गाणी म्हणाली, डोंगरातल्या थंडीत तिने स्वतःहून भजी तळली. तिसऱ्या वेळी निघायच्या आधी सौमित्रला दिसलं, की गाडी मागून डावीकडे खचली आहे. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतर तीन ठिकाणी त्याची चार बोटं सहज जात होती. इथे जेमतेम दोन.

हवा तपासली. बरोबर होती. गाडीत सामान नव्हतं, माणूस नव्हता. मग त्याने ऑफिसात करतो तेच केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डावं मागचं चाक काढून उजवीकडे लावलं, उजवं डावीकडे. दोष चाकात असेल तर तो चाकाबरोबर जायला हवा. गेला नाही. पुढच्या रविवारी त्याने मेकॅनिककडून स्प्रिंग बदलून घेतली. नवी स्प्रिंगही तशीच दबली.

राहता राहिली त्या कोपऱ्यातली, खिडकीजवळची सीट.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आर्या त्या सीटवर कधीच बसत नाही. आईच्या बाजूला अंग चोरून बसते.

"आर्या, खिडकीशी बस की. डोंगर दिसतील."

"तिथे जागा नाही," आर्या जपानीत म्हणाली.

"कोण बसलंय?"

किती सोपं विचारतोय बाबा, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. "आईने बोलावलं ते."

अक्षयाचा चेहरा पांढराफटक पडला. "मी फक्त पाणी घातलं रे," ती म्हणाली. त्या दिवशी ते कुठेच गेले नाहीत.

सौमित्रचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण भीती त्याला वाटत होती, आणि ती आता पुण्याच्या तिकिटांची नव्हती. त्याने मोरिता-सानना फोन केला, नवी पोलादी चाकं मागवली आणि आली त्याच दुपारी गाडी घेऊन गेला. आर्याला एकटीला घरी ठेवायला अक्षया तयार नव्हती, आणि सौमित्रला एकटं पाठवायलाही नाही. तिघंही गेले.

मोरिता-सानने जुनी चाकं उतरवली, पुसली, ताडपत्रीखाली नेऊन ठेवली. मग हळू आवाजात विचारलं, "घरी यांना काही दिलंत का?"

सौमित्रने सांगितलं. पाणी. भाकरीच्या जागी ब्रेड. आपल्याकडची रीत.

मोरिता-सानने ताडपत्री चाकांवर नीट ओढून घेतली. "मी फक्त चाकं परत घेऊ शकतो," ते म्हणाले.

नवी चाकं लागली. सौमित्रने गुडघ्यावर बसून चारही ठिकाणी बोटं घालून पाहिली. सगळीकडे चार. गाडी समोरच्या रस्त्यासारखी सपाट उभी होती. त्याला एकदम रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही.

"बाबा, चल ना," आर्या म्हणाली. ती ताडपत्रीपाशी उभी होती. धावत आली, गाडीत चढली आणि सरळ खिडकीजवळच्या त्या सीटवर जाऊन बसली.

"बघ," सौमित्र अक्षयाला म्हणाला. "बसली की नाही?"

अक्षया कितीतरी दिवसांनी हसली.

पुलावर गाडी जरा डावीकडे ओढत होती. नदीवर वारा असतोच. आर्या काचेला डोकं टेकून झोपली होती.

पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. सौमित्रने मागचं दार उघडलं, तिच्या काखेत हात घातले आणि उचललं.

ती हलली नाही.

त्याने पाय रोवले, पुन्हा जोर केला. कपाळावरची शीर तटतटली. आर्या शांत श्वास घेत होती, गाल लाल झाले होते, ओठ अर्धवट उघडे.

"अक्षया," तो म्हणाला. "इकडे ये."

ती आली. काही न विचारता तिने लेकीचे पाय धरले. दोघांनी मिळून उचललं, एक एक पाऊल मागे घेत दाराबाहेर आणलं.

स्प्रिंग करकरली. गाडीची मागची डावी बाजू सावकाश वर आली आणि सरळ उभी राहिली.

आर्या झोपेतच होती. तिचं ओझं दोघांच्या हातांना पेलत नव्हतं, खाली ठेवायचं कसं हेही कळत नव्हतं. जिना समोरच होता. ते दोघं तिला तसंच धरून उभे राहिले, आणि घराकडे पहिलं पाऊल कोणीच टाकेना.