गेटला टांगलेली बाटली

भूत रात्रीच येतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

आमच्याकडे भर उन्हात आलं. आईशप्पथ, यातला एक शब्द पदरचा नाही. खोटं वाटत असेल तर पुंडलिकनगरात या आणि आमच्या आजीला विचारा. आधी चहा पाजेल, मग रडेल.

दोन हजार सोळाचा एप्रिल. त्या वर्षी आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. टँकर आला की अख्खी गल्ली हंडे घेऊन धावायची. त्याच उन्हाळ्यात माझे आजोबा गेले.

पुंजाराम आबा. वैजापूरकडचे. एकाहत्तरच्या लढाईतले हवालदार. त्यांनी इथं घर बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती म्हणे. मग फ्लॅट उभे राहिले आणि बोअर आटले. मी त्यांची लाडकी. नाव सोनिया, पण ते मला 'कॅप्टन' म्हणायचे. मी तोंडाची फटकळ ना! "घरात हुकूम हीच सोडती," म्हणायचे आणि कडक सॅल्यूट ठोकायचे.

आबांचं एकच खूळ होतं. फौजेतली खाकी कव्हरची बाटली रोज दुपारी काठोकाठ भरून गेटच्या खिळ्याला टांगायची. संध्याकाळी ती रिकामी असायची. कोणी भाजीवाला पीत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

टंचाईत पप्पा कुरकुरले. आबांनी अंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसायला लागले, पण बाटली सोडली नाही.

एकदा मी खोदून विचारलं, "आबा, एवढं कुणासाठी हो?"

ते म्हणाले,

"कडुबा होता माझ्यासंगं. आपल्याच भागातला. पोटात गोळी लागली त्याच्या. पाणी दे, पाणी दे... लई तळमळला. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं पोरी, तसा हुकूमच असतो. मी नाय दिलं. तरी गेलाच तो."

त्यांनी गेटकडे पाहिलं.

"बाटली भरलेली होती गं."

मी त्यांचा हात धरून बसले.

दहाव्याला आम्ही कायगावला गेलो. गोदावरी आटलेली. विधीचं पाणीसुद्धा घरून कॅनमध्ये नेलेलं. पिंड मांडले. बाभळीवर कावळे बसलेले होते...

एकही खाली आला नाही.

पप्पा हात जोडून म्हणाले, "आबा, आईला अंतर देणार नाही."

कावळे ढिम्म.

"घर विकणार नाही. सोनियाचं लग्न थाटात लावू."

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी वाटलं, लावा बाई लग्न, पण कावळा शिवू दे. नाहीच शिवला.

ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक उठले.

आजी उठली नाही.

"गवताच्या कावळ्यानं माझं समाधान नाय व्हायचं. त्यांचा जीव कशात तरी अडकलाय. खरा कावळा घास घेईस्तोवर मी पाण्याचा थेंब घेणार नाय."

आमची आजी, मनकर्णाबाई. एकदा बोलली की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. घरी येऊन तिनं भाकरी-ठेच्याचं पान कंपाऊंडच्या भिंतीवर ठेवलं आणि खाटेवर पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे ओठ फुटले. पप्पा पाया पडले. मी भांडले, रडले. सलाईन लावायला आलेल्या माणसाचा हात तिनं झटकला. आबा गेले, आता आजीपण जाते की काय, या भीतीनं मी तिच्या खाटेला चिकटून बसले होते.

आणि तेव्हा...

गेटची कडी वाजली.

खट्.

मी बाहेर आले. कोणी नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणारं समोरचं कुत्रं गाडीखाली शेपूट घालून बसलेलं.

मग दिसली...

खिळ्याला बाटली टांगलेली होती.

आबा गेले त्या दिवशी मीच ती त्यांच्या ट्रंकेत ठेवली होती. ट्रंकेला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे होती.

वारा नव्हता. तरी रिकामी बाटली हलत होती. गेटवर आपटत होती.

टक्... टक्... टक्...

त्याच क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही आबांना सगळी वचनं दिली होती, हे एक सोडून. ते गेल्यापासून गेटवर पाणीच ठेवलं नव्हतं कुणी.

घरात एकच हंडा उरला होता. मी बाटली काठोकाठ भरली, खिळ्याला लावली आणि हात जोडले.

"आबा, कडुबाचं पाणी आता माझ्याकडं लागलं. तुम्ही निवांत जा."

बोलणं संपतं न संपतं तोच...

गट्... गट्... गट्...

कुणीतरी पीत होतं. घाईघाईनं, अधाशासारखं. बाटली तिरपी झाली होती. तिला धरलेला हात मात्र दिसत नव्हता.

मी किंचाळले नाही. भीतीपेक्षा मला रडूच जास्त आलं.

मागं फडफड झाली. भिंतीवर कावळा बसला होता. त्यानं भाकरीचा तुकडा उचलला आणि उडाला.

आतून आजीची हाक आली, "सोने, गेले का गं ते?"

"व्हय आजी. गेले."

"मग आण पाणी."

तिनं तांब्या तोंडाला लावला आणि मग हंबरडा फोडला. इतके दिवस ती रडलीच नव्हती.

तेव्हापासून मी रोज बाटली भरते. रोज संध्याकाळी ती रिकामी असते. लोक म्हणतात, शांत करून घे. मी म्हणते, तहानलेल्याला पाणी देण्यात कसली आलीय शांत?

पण मागच्या आठवड्यात मला ताप होता. अंथरुणातून उठवेना. बाटली भरायची राहिली.

दुपारी पडल्या पडल्या ऐकलं...

गेटची कडी. मग पायरीवर घसटत येणारे पाय. मग खोलीचं दार.

आणि अगदी उशाशी, कण्हत, कुणीतरी म्हणालं...

"पुंजाराम... पाणी दे रे."

आवाज आबांचा नव्हता. कुण्या तरण्या पोराचा होता.

पुंजाराम गेला, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि मला ते सांगवत नाही.