शेवटचा फटका कोणाचा?

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही चंद्रावरच्या वसाहतीत राहता. शाळा सुटली की डोळ्यांवर खेळचष्मा चढवायचा आणि आभासी बोगद्यात (खऱ्या भासणाऱ्या, पण फक्त चष्म्यात दिसणाऱ्या बोगद्यात) शिरायचं. तिथे म्हशीएवढ्या लोखंडी गोचिडी प्राणवायूची नळी कुरतडत असतात. दोघांच्या जोडीने फेसाच्या बंदुका मारून नळी वाचवायची. आता सांगा पाहू, दोघांच्याही बंदुका दिवसेंदिवस ताकदवान होत असतील, तर ती जोडी सारखी हरेल कशी?

ऋजुता आणि आदिल सारखे हरत होते.

ऋजुताला कारण ठाऊक होतं. "आदिल चोर आहे," ती शकूआत्याला म्हणाली. हा खेळ शकूआत्यानेच रचला होता. "गोचिडीला अर्धमेली करायचं मी, आणि हा टपून बसणार. शेवटचा फटका मारला की बक्षिसाचा तारा याचा! उद्याच्या सामन्याला मला दुसरा जोडीदार दे."

"बालवाडीपासूनचा दोस्त ना गं तुझा?"

"होता."

आत्याने कालचा खेळ भिंतीवर लावला. गोचीड निवांत नळी कुरतडत होती. एका दगडाआड ऋजुता, दुसऱ्या दगडाआड आदिल. दोघांनी बंदुका रोखलेल्या, पण डोळे मात्र एकमेकांवर! फट्‌कन नळी फुटली.

"तू का नाही मारलंस?"

"मी मारलं असतं, तर शेवटचा फटका त्याने..." ऋजुता अडखळली.

"सकाळी आदिल येऊन गेला. ऋजुता टपून बसते म्हणाला. त्यालाही दुसरा जोडीदार हवाय."

"खोटारडा!"

"कुणीच खोटं बोलत नाहीये. संशय घ्यायचाच तर माझ्यावर घे. शेवटचा फटका मारेल त्याला तारा, हा बक्षीस-नियम (काय केल्यावर काय मिळेल ते ठरवणारा नियम) माझा. कबड्डीत चढाईवर आलेल्याला कसं पकडतात?"

"एक जण घोटा धरतो, मग बाकीचे तुटून पडतात."

"आणि गुण?"

"संघाला."

"समज, शेवटचा हात लावणाऱ्या एकट्यालाच गुण मिळाला तर?"

"मग घोटा कोण धरेल? लाथ आपण खायची आणि..." ऋजुताने पुन्हा भिंतीवरच्या खेळाकडे पाहिलं.

"आता पाठपिशव्या बघ. पिशवीला भारमर्यादा (जास्तीत जास्त किती वजन नेता येईल ती हद्द) मी मुद्दाम घातली. बंदूक, ढाल, दिवा, नळीचं ठिगळ, सगळं एकाला नेता येऊ नये. एकाने ढाल घ्यावी, दुसऱ्याने बंदूक, म्हणजे एकमेकांची गरज लागेल. पण ढालीला तारा ठेवायला मी विसरले! मग तुम्ही दोघांनीही नुसत्या बंदुका भरल्या. ताऱ्यांवर आणखी मोठी बंदूक मिळाली. एकेकाची ताकद वाढली, जोडीची तेवढीच राहिली."

"मग नियम बदल ना!"

"बदललाय. नळी वाचली तर दोघांना सारखे तारे. पुढचं बक्षीसही एकट्याचं नाही, दोघांनी मिळून निवडायचं. असे खेळ जमले ना, तर उद्या मंगळावर जाणाऱ्या तुकड्याही यातून शिकतील."

"पण आदिलला हे पटेल?"

"ते काही मला नियमात घालता येत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी खेळघरात आदिल पिशवीत दोन बंदुका भरत होता. त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. "नियम बदललाय म्हणे. तुझा विश्वास बसला?"

"पुरता नाही," ऋजुता खरं तेच बोलली.

तिने पिशवीतून आपल्या दोन्ही बंदुका काढल्या. ढाल घेतली, ठिगळ घेतलं.

"बंदूकच नाही? काय डाव आहे गं तुझा?"

सामन्याची वेळ झाली. दोघांनी खेळचष्मे चढवले, तोच बोगद्यात लोखंडी पाय खडखडले. दगडाआड न लपता ऋजुता ढाल उचलून थेट नळीसमोर जाऊन उभी राहिली. गोचिडीचा पहिला दणका ढालीवर बसला, तशी ती मागे न बघता ओरडली, "बघतोस काय, शहाण्या? मार की!"