मुकादमाबद्दल गिऱ्हाइकांचं मत

जामखेडची एसटी नगरच्या माळीवाड्यातून सुटली तेव्हा मी इतका खुशीत होतो, की कंडक्टरलासुद्धा माझ्या रेडिओबद्दल सांगून टाकलं. त्याने तिकीट हातावर ठेवलं आणि "पुढं सरका" म्हणाला. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. एकाहत्तर सालची थंडी होती, शेतांत ज्वारी हुरड्यावर आली होती आणि येत्या सोमवारी पुण्याहून आबासाहेब माझ्या दुकानात यायचे होते.

आबासाहेब रेडिओच्या कारखान्याचे मालक, आणि मी नगरातला रेडिओ दुरुस्त करणारा. बायको केशर सोडली तर ओळखीपाळखीचे सगळे मला अर्धवट समजायचे. त्याला कारण मुकादम. साध्या ट्रान्झिस्टरच्या आत मी एक पत्र्याची डबी बसवली होती, तिच्यात घड्याळाची चक्रं आणि एक चिमुकली मोटार. सकाळी भजन, मग बातम्या, दुपारी गाणी, संध्याकाळी शेतकी कार्यक्रम. ज्या त्या वेळेला ती डबी काटा आपोआप त्या त्या स्टेशनावर नेऊन ठेवायची आणि कार्यक्रम संपला की सेट बंद करायची. घरच्यांनी नुसतं ऐकायचं. रेडिओकडून काम करून घेते म्हणून तिचं नाव मुकादम.

असे काही सेट मी दसऱ्याला जामखेडकडच्या घरांत वापरायला दिले होते. आबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. "यंत्र मला कळतं हो. ते वापरणाऱ्याला काय वाटतं, ते तुम्ही स्वतः विचारून या. लोक खूष असतील तर माझ्या कारखान्यातल्या एकूण एक सेटमध्ये तुमचा मुकादम बसेल." एकूण एक सेटमध्ये! त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. जेवताना मी केशरला भाजीऐवजी पेचकस मागितला होता.

पहिलं घर आक्काबाईंचं. म्हातारी एकटी राहायची आणि वाडीत तिच्याहून वयाने मोठं कोणी उरलं नव्हतं. तिने सेट ओसरीवर, घडी घातलेल्या घोंगडीवर मांडला होता.

"कसा काय चालतोय आमचा मुकादम?" मी विचारलं.

"लई ग्वाड. येळ झाली का बोलतो, येळ झाली का गप ऱ्हातो. घरात वडील मानूस आल्यावानी वाटतंय बगा."

याहून चांगली जाहिरात पुण्यामुंबईच्या शहाण्यांना तरी सुचली असती का? मी ते वाक्य तिथल्या तिथे पाठ करून टाकलं. मग उगाच आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "काही तक्रार?"

आक्काबाईंनी सेटकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. "न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. या वयात, आपल्याच घरात, हा पदर कोणासाठी, असं माझ्या मनात आलं. पण तेवढ्यात त्यांनी गुळाचा चहा पुढे केला आणि मी तो विचार चहाबरोबर पिऊन टाकला.

रंभाजीच्या घरी पोचलो तर जेवणवेळ झाली होती. हा एकेकाळचा पैलवान, मिशाळ आणि बोलघेवडा. त्याने हाताला धरून मला पाटावर बसवलं. त्याच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, तव्यावरची पहिली भाकरी उतरवली, ताटात पिठलं वाढलं आणि ते ताट नेऊन सेटसमोर ठेवलं. मग दोघंही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"रेडिओला पिठलं पचतं का?" मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

सेटवरचा काटा किंचित डावीकडे सरकला. "हं, घ्या आता," रंभाजी म्हणाला, आणि आम्ही जेवायला सुरुवात केली.

ती काही कुठल्या कार्यक्रमाची वेळ नव्हती. चक्राचा दाता घसरत असेल, तसं असेल तर सगळ्याच डब्यांत घसरत असणार, पुढच्या घरी उघडून बघू, असं मी मनाशी ठरवलं. मत विचारलं तेव्हा रंभाजीने आधी सेटकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "घरात वडील मानूस आल्यावानी वाटतंय." आक्काबाईंची वाडी तिथून चांगली लांब, मधे ओढा. पण एकच वाक्य दोन गावांत निघालं याचा मला आनंदच झाला. म्हटलं, खरं असल्याशिवाय का दोन्हीकडे तेच येईल?

"आमी नवरा-बायकू लई भांडायचो पूर्वी," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता न्हाई भांडत."

"का बरं?"

"त्यास्नी आवडत न्हाई."

सहादूचं घर उन्हं कलताना गाठलं. अंगणात आगटी पेटली होती, मुलगे-सुना हुरडा भाजत होते, हिरव्या दाण्यांचा गोड वास घरभर पसरला होता. सहादूने मूठभर गरम हुरडा हातावर दिला आणि मत विचारायच्या आतच सांगितलं. तेच वाक्य, शब्दाला शब्द. या वेळी मात्र मला त्याचा आनंद झाला नाही. तो दाता एकदा पाहायलाच हवा म्हणून मी सेट मांडीवर घेतला आणि मागचं झाकण उघडलं.

आत मुकादम नव्हता.

"ती डबी व्हय?" सहादू सहज म्हणाला. त्याने कोनाड्यातून धुतल्या फडक्यात बांधलेला माझा मुकादम काढून दिला. "दिवाळीच्या अगुदरच काढून ठिवली. त्यास्नी टोचत हुती."

"मग काटा कोण फिरवतं?"

सहादूला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

मी सेल बाहेर काढले. ते फुटून केव्हाच वाया गेले होते, कडांना पांढरी भुकटी धरली होती. मी ते खाली ठेवले. सेट माझ्या मांडीवर होता, रिकामा आणि हलका.

अंगणातला गलका थांबला.

काटा हलला. पुणं ओलांडून पुढे गेला आणि दोन स्टेशनांच्या मधे, जिथे काहीच लागत नाही, तिथे थांबला.

आतून आवाज आला. गाणं नव्हतं, बातम्या नव्हत्या. घरात पाऊल टाकण्याआधी, सुनांना कळावं म्हणून, सासरे उंबऱ्यात खाकरतात तसं कोणीतरी खाकरलं.

सगळं घर उठून उभं राहिलं. सुनांचे पदर पुढे आले. सहादूने टोपी सारखी केली.

"भिऊ नगा," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "तुमच्याबद्दल लई चांगलं मत हाय त्येंचं."

परतीच्या एसटीत मुकादम पिशवीत घेऊन मी बसलो होतो आणि मला रडू येत होतं. इतकी वर्षं ज्याच्यापायी वेडा ठरलो, ती डबी कोनाड्यात पडून होती आणि लोक भलत्याच कोणावर खूष होते. पण ते भलतंच माझ्याच सेटमध्ये येऊन बसलं होतं. उद्या कारखान्यातल्या एकूण एक सेटमध्ये कोण बसेल? नगर येईपर्यंत माझं ठरलं. आबासाहेबांना नाही म्हणायचं.

सोमवारी सकाळी केशरला तसं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण "तुम्हाला पटेल ते करा" एवढंच म्हणाली. दुकानाच्या फळीवर माझा पहिला नमुना होता. मी त्याच्यातला मुकादम काढला, सेल काढले आणि ते टेबलावर मांडून ठेवले; रिकामा सेट फळीवरच राहिला.

आबासाहेब आले ते हसतच. कोट, बूट, हातात पेढ्यांचा पुडा. खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं, "काय म्हणतात मंडळी?"

"खूष आहेत," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

"मग झालं तर! आता तुमचं स्वतःचं मत सांगा, म्हणजे पुडा फोडू."

घेऊ नका, एवढंच मला म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

फळीवर सेट खाकरला.

शब्द तोंडातच राहिले. वडील माणसाच्या आधी बोलणार तरी कसं? मी उठून उभा राहिलो. मागच्या खोलीत केशरच्या बांगड्या वाजल्या, पदर डोक्यावर घेताना वाजतात तशा.

आबासाहेब माझ्याआधीच उठले होते. पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच सेटसमोर ठेवला, मग खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.