झाडावरच्या घरातला तिसरा पलंग

"तिघांची सोय झाली आहे!" फोनच्या स्पीकरमधून जंगलातल्या विश्रामगृहाचा व्यवस्थापक प्रसन्नपणे म्हणाला. "झाडावरच्या घरात तिसरा पलंग लावलाय... जरा अरुंद आहे, पण पक्षी छान दिसतात."

धाकट्या भावानं फोन बंद केला. त्याच्या होणाऱ्या बायकोनं चमचा खाली ठेवला. आणि दोघांनी ताईकडे पाहिलं... कारण बुकिंग तिनंच केलं होतं!

"ताई, हनिमूनला तिघं?"

"चुकून झालं रे..."

उभी हयात तिनं प्रवास कंपनीच्या कचेरीत बसून दुसऱ्यांचे हनिमून आखले होते. कोणत्या जोडप्याला समुद्र मानवेल आणि कोणतं जोडपं डोंगरावर जाऊन भांडेल, हे ती एका नजरेत ओळखी. यांच्या हनिमूनसाठी निवडलेलं, उष्ण देशातलं ते सदाहरित अरण्य तर तिला न पाहताच पाठ होतं! चार दिवसांत धबधबा कधी, होडी कधी, जळवांसाठी कोणते मोजे... सगळं तिनं जीव ओतून ठरवलं होतं. आणि अशा बाईकडून ही चूक!

पण आईवडील गेले तेव्हा धाकटा लहान होता आणि दमट हवेत त्याची छाती भरायची. तेव्हापासून सहल शाळेची असो नाहीतर कॉलेजची, वाफेचं यंत्र मांडीवर घेऊन ताई मागच्या सीटवर असायचीच. त्याचा प्रवास म्हटलं की स्वतःला धरायचं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की बुकिंग करताना हातानं तिला न विचारताच तिसरं नाव लिहून टाकलं. मध्यंतरी एका सज्जन गृहस्थानं तिला मागणी घातली होती. "धाकट्याचं मार्गी लागू दे," ती म्हणाली. वाट पाहून पाहून तो गृहस्थच मार्गी लागला.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" धाकटा कडाडला. "तू मला कधी सोडणार आहेस की नाही?"

ताई उठली. "सोडलं रे... आत्ता फोन करून माझं नाव काढते."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ पूर्ण सोडला. त्या आवाजाखाली व्याकूळ अंतःकरणाला निदान मोकळं होता येतं.

मागोमाग आलेल्या होणाऱ्या भावजयीनं नळ बंद केला. ती दातांची डॉक्टर होती. घट्ट मिटलेल्या तोंडांशी कसं वागावं हे तिला ठाऊक होतं.

"ताई, जंगलात याला धाप लागली तर मी काय करायचं?"

ताईनं डोळे पुसले. "आधी सरळ बसवायचं. घाबरायचं नाही. आपण बोलत राहायचं, त्याला बोलू द्यायचं नाही."

"ते तर मी लग्नानंतर रोजच करणार आहे."

ताई रडता रडता फिसकन हसली. दारात धाकटा उभा होता... राग कुठल्या कुठे गेलेला.

"ताई, तू माझ्याशिवाय कधी कुठे गेलीस गं?"

ताईनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. आणि तिचा चेहरा पाहूनच त्याला उत्तर कळलं! तो पुढे झाला, तिचे ओले हात त्यानं आपल्या हातात घेतले.

"नाव काढायचं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "फक्त तारीख बदलायची. आमच्या आधी तुम्ही जाऊन यायचं. एकटीनं."

"अगं, एकटी मी तिथे करू काय?"

"पक्षी बघा. बसून राहा. आणि याला फोन करू नका."

धाकट्यानं स्वतः फोन लावला. आजवर त्याचं प्रत्येक बुकिंग तिनंच केलं होतं. कसं बोलतात हेही त्याला नीट माहीत नव्हतं.

"एकाच माणसासाठी... हो, माझी ताई..." तो वळला. "ताई, ते विचारताहेत, नदीकडचं घर हवं की डोंगराकडचं?"

"तुला आवडेल ते..." असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ती थांबली. समोरचे दोघंही थांबले. पलीकडे व्यवस्थापकही थांबला.

"नदीकडचं," ताई म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "नदीकडचंच!"