चौसष्टावी खूण

धुळ्याला गल्ली नंबर चारमध्ये माझ्या घरी एक सागवानी पेटी आहे. १९३३ साली नूर महंमद सुतारानं ती करून दिली. मी त्याला त्रेसष्ट खण सांगितले होते, त्यानं आठ ओळींत आठ-आठ असे चौसष्ट केले. विचारलं तर म्हणाला, "मास्तर, त्रेसष्ट नीट बसत नाहीत. एक राहू द्या जास्तीचा, लागेल कशाला तरी." मी त्यात सदऱ्याची तुटलेली बटणं ठेवायचो.

बाकीच्या खणांत गोष्टी होत्या. म्हणजे गोष्टींच्या खुणा. मी शाळेत मराठी शिकवतो आणि सुटीच्या दिवशी खानदेशभर हिंडून म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी लिहून घ्यायचो. दोनशेच्या वर गोष्टी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की जगात गोष्टी फार नाहीत, सांगणारे फार आहेत. धाकटा भाऊच शहाणा निघतो. सहा खोल्या उघड, सातवी उघडू नकोस, म्हटलं की सातवीच उघडली जाते. राक्षसाचा जीव पोपटात असतो. मागे वळून बघू नकोस म्हटलेला माणूस मागे वळतोच. अशी प्रत्येक खूण मी एका चिठ्ठीवर लिहायचो आणि तिच्या खणात टाकायचो. पोरांच्या खेळांतसुद्धा त्याच खुणा सापडतात, तेही मी टिपून ठेवलं आहे. शिक्षकांच्या खोलीत कुणी नवी कादंबरी वाचत बसलं की मी पहिली चार पानं ऐकायचो आणि शेवट सांगून टाकायचो. माझा अंदाज चुकला असं एकदाच झालं, आणि तेव्हाही लेखकाचंच चुकलं होतं असं माझं आजही मत आहे.

हा नाद लावला तोताराममामानं. प्लेगात आई-वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मामानं मला शिरपूरला नेलं आणि स्वतः लग्नच केलं नाही. रोज दिवे लागले की तो गोष्ट सांगायचा आणि मी 'हूं' म्हणायचो. आमच्याकडे ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावाच लागतो, नाहीतर सांगणारा पुढे जात नाही. माझा डोळा लागला, हूं थांबला, की मामाही थांबायचा. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच शब्दापासून पुढे. राजपुत्र घोड्यावर एक पाय टाकून चोवीस तास तसाच उभा राहायचा.

माझी बायको तीस साली गेली, मूल नव्हतं. म्हणजे माझं म्हणावं असं या जगात मामा एवढा एकच माणूस उरला होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो माझ्याकडे यायचा. काखेत बिबड्यांचं गाठोडं. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, मला लहानपणापासून जीव की प्राण. गाठोडं ज्या उपरण्यात बांधलेलं असायचं, त्याच्यावर मी पहिल्या इयत्तेत असताना दौत सांडली होती. हातभर निळा डाग पडला. मामानं ते उपरणं टाकलं नाही. दर वर्षी त्यातच बिबड्या आणायचा आणि म्हणायचा, "बघ तुझं अक्षर."

१९३४ च्या आखाजीच्या आदल्या दिवशी मी धरणगावला होतो. तिथल्या भिकुबाईंची ख्याती फार ऐकली होती. सकाळच्या मोटारीनं अमळनेर, तिथून आगगाडी. परत चारची गाडी गाठायची होती, कारण दिवेलागणीला मामा घरी पोचणार होता. भर दुपारी मी भिकुबाईंच्या ओट्यावर वही उघडून बसलो.

बाई शेंगा फोडत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दिवसनी गोठ सांगू नही, मास्तर. मामा वाट भुली जास."

दिवसा गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. हे मला पाठ होतं. माझ्या पेटीत ते एक्केचाळीस नंबरच्या खणात होतं. अकरा गावांतून अकरा चिठ्ठ्या.

"अक्का," मी म्हटलं, "ते पोरांनी कामाच्या वेळी त्रास देऊ नये म्हणून म्हणतात. मला रात्री लिहायला दिसत नाही."

"तुमना मामा शे का?"

"आहे. आजच येतोय. शिरपूर ते धुळे सरळ आग्रा रोड आहे. आंधळ्यालासुद्धा चुकता येणार नाही."

बाईंनी टोपली बाजूला सारली. "मंग तुम्ही जाना आनि तुमना मामा जाने," म्हणाल्या आणि सांगायला लागल्या.

सात भावांची एक बहीण. मी मनात म्हटलं, खूण नऊ. भावजया तिला चाळणीत पाणी आणायला पाठवतात. खूण बावीस. मी भराभर लिहीत होतो. मग बाई म्हणाल्या की वाटेत एक म्हातारा उभा होता. त्यानं विचारलं, पोरी, धुळ्याची वाट कोणती?

माझी लेखणी थांबली नाही, पण मी जरा चिडलो. वाटेतला म्हातारा काहीतरी देतो. वर देतो, मंतरलेला खडा देतो, निदान बजावून तरी सांगतो. वाट विचारणारा म्हातारा माझ्या एकाही खणात बसत नव्हता. मी समासात लिहिलं: किरकोळ.

"हूं म्हना," बाई म्हणाल्या.

"सांगा तुम्ही, मी लिहितोय."

"हूं नही म्हनाव तं तो जठे शे तठेच उभा राही."

मी हात हलवून पुढे सांगण्याची खूण केली. बाईंनी शेंगांची टोपली पुन्हा पुढ्यात ओढली आणि सांगितलं की बाकीची दिवा लागल्यावर. मी दोनदा गळ घातली. शेवटी गाडीची वेळ झाली आणि मी उठलो.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ओट्यावर कुणी नव्हतं. मी चहा टाकला, दोन माणसांचा.

मामा त्या दिवशी आला नाही, आखाजीला आला नाही, नंतरही आला नाही. शिरपूरहून सरकीच्या गाड्या आणणारा उखर्डू गाडीवान मला भेटला. त्यानं मामाला सोनगीरपर्यंत आणलं होतं, भर दुपारी उतरवलं होतं. तिथून धुळे सहा कोस. "म्हातारबा छत्री उघडून सडकेनं लागले, मास्तर. मी बैलांना पाणी पाजून मागे पाहिलं तर सडक मोकळी." सोनगीर ते धुळे मी चार वेळा पायी तुडवलं. विहिरींत गळ टाकले. पोलिसांत वर्दी दिली. मी रडलो, हे सांगायला मला लाज नाही. भिकुबाईंची आठवण मात्र मला एकदाही झाली नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि वही मी किरकोळच्या ढिगात टाकून दिली होती.

दिवाळीत शिरपूरला गेलो. मामाचं घर झाडून काढलं आणि संध्याकाळी, करायला काही नव्हतं म्हणून, चांद पिंजाऱ्याकडे बसलो. त्यानं राजपुत्राची गोष्ट सांगितली. राजपुत्र घोडा दामटत निघाला. वाटेत छत्रीवाला म्हातारा, काखेत गाठोडं. म्हणाला, बेटा, धुळ्याची वाट कोणती?

"चांदभाई, हे कुठून घातलंत?"

"घातलं कुठं? गोष्टीतच आहे. माझा बाप अशीच सांगायचा."

"तुमचा बाप तर मी शाळेत होतो तेव्हाच गेला."

"हां. त्याच्याकडूनच ऐकली."

मी चिठ्ठी लिहिली.

संक्रांतीला अमळनेरच्या मंजुळाबाईंनी सावत्र आईची गोष्ट सांगितली. मधेच तो उभाच. या वेळी छत्रीची मूठ तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. ती तार मी स्वतः बांधली होती, तेहतीसच्या आखाजीला, घरच्या ओट्यावर बसून.

घरी येऊन मी धरणगावची वही शोधून काढली. मग चौसष्टावा खण रिकामा केला, बटणं डब्यात टाकली आणि खणावर कागद चिकटवला: वाट विचारणारा म्हातारा. तीन चिठ्ठ्या आत ठेवल्या.

इथे दुसरा कुणी असता तर अंगारे-धुपारे करत बसला असता. मी तसा नाही. मला गोष्टींचे कायदे ठाऊक होते, खानदेशात माझ्याइतके कुणालाच नव्हते. मामा कुठल्या सडकेवर नव्हता, हे मी चार वेळा चालून बघितलं होतं. तो गोष्टींत होता. आणि गोष्टींत तो तसाच उभा होता, कारण त्याला कुणी वाट सांगत नव्हतं. सात भावांची बहीण पाण्याला जायची, राजपुत्र निघून जायचा. पण गोष्टीत विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं की माणूस पुढे सरकतो. खूण सतरा. तिच्या माझ्याकडे चाळीस चिठ्ठ्या होत्या.

माझ्यासाठी गोष्टी लिहून पाठवणारे शाळामास्तर चौदा गावांत होते. मी चौदा कार्डं टाकली. तुमच्या गावात कुणाच्या गोष्टीत छत्रीवाला म्हातारा वाट विचारील, तेव्हा सांगणाऱ्याला एवढं उत्तर द्यायला लावा: आग्रा रोडनं सरळ जा, पांझरा ओलांड, गल्ली नंबर चार, निंबासमोर निळं दार. अभिमन मास्तरचं घर. आणि गोष्ट दिवे लागल्यावरच सांगायची.

दार निळं नव्हतं. ते मी दुसऱ्या दिवशी रंगवलं, म्हणजे चुकायला नको.

उत्तरं येऊ लागली. फाल्गुनात साक्रीकडच्या एका गोष्टीत म्हातारा सोनगीरच्या किल्ल्याखालून जाताना दिसला. मग चोपड्याच्या गोष्टीत तो एका आंब्याखाली सुस्तावला होता आणि पोरांना म्हणत होता, आता दोन कोस उरलं. चैत्रात पारोळ्याहून चिठ्ठी आली: म्हातारा पांझरेत पाय धुतो. मी ती चिठ्ठी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचली आणि हसलो. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला कुणाची पर्वा नव्हती. माझा मामा येत होता.

आखाजीला मी दोन पाट मांडले. पुरणपोळी केली होती भागाबाईंनी. या भागाबाई धरणगावकडच्या, माघापासून माझ्याकडे स्वयंपाकाला येत. मामाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. त्यानंतर दोन महिने म्हाताऱ्याची एकही चिठ्ठी आली नाही. बारा-चौदा गोष्टी आल्या, पण एकीतही म्हातारा नव्हता.

आषाढात शेवटचं पाकीट आलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून. मास्तरांनी लिहिलं होतं, सांगणारी बाई कधी पाड्याबाहेर गेलेली नाही, धुळं तिनं ऐकलेलंसुद्धा नाही.

तिच्या गोष्टीत एक बाई जंगलात लाकडं गोळा करत होती. तिला एक म्हातारा भेटला, परत चाललेला. तिनं विचारलं, बाबा, पोचलास का?

पोचलो, तो म्हणाला. आखाजीला पोचलो. निंबासमोर निळं दार. दार उघडंच होतं. भाचा पाठमोरा बसून लिहीत होता.

मग?

तीन हाका मारल्या. अभिमन. अभिमन. अभिमन.

मग?

त्यानं हूं म्हटलं नाही. गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघालो.

मी पाकीट खाली ठेवलं.

आखाजीला संध्याकाळपर्यंत मी मामाची वाट पाहिली, हे खरं आहे. वाट बघताना मी काय करत होतो, ते मी मघाशी सांगितलेलं नाही. मी चिठ्ठ्या लावून वहीत उतरवत होतो. चौसष्टाव्या खणातल्या, तारखेप्रमाणे.

भागाबाई चुलीशी भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "आखाजीला उंबऱ्यावर कुणी काही ठेवून गेलं होतं का?"

"बिबड्या होत्या की, भाऊ. मी म्हटलं आळीतल्या कुणी दिल्या असतील. तुम्हीच तर चार मागून घेतल्या. लिहीत लिहीत खाल्ल्या."

"कशात बांधल्या होत्या?"

"जुनं फडकं होतं कसलं तरी. वाया कशाला घालवायचं, मी भाकरीच्या टोपलीत घातलंय खाली."

मी टोपलीतल्या भाकरी एकेक करून ताटात काढल्या. खाली उपरणं होतं. चौघडी करून घातलेलं, त्यामुळे डाग आतल्या बाजूला गेला होता. मी ते उलगडलं. निळा डाग हातभर पसरलेला होता, मी केला होता तसाच.

त्या दिवसापासून मी लिहीत नाही. पेटी बंद आहे. दिवे लागले की दाराकडे तोंड करून बसतो आणि थोड्या थोड्या वेळानं 'हूं' म्हणतो. पहिल्या दिवशी भागाबाईंनी परातीतला हात थांबवून विचारलं, "कोणी बोललं का, भाऊ?"

मी त्यांना हातानं गप्प केलं. गोष्ट सुरू होती.