तणाचा राखणदार

"करा, करा… सगळ्याचं टक्कल करा. न्हाव्यालाच बोलवायचं व्हतं की. खुरप्यापेक्षा वस्तरा बरा."

कुणीतरी अगदी कानाशी पुटपुटलं. शिवकन्येच्या हातातलं खुरपं थांबलं. गुलबर्ग्याबाहेरच्या त्या विद्यापीठात मराठीच्या एम.ए.ला ती नुकतीच आली होती. दिवसभर कानावर कानडी नाहीतर दखनी. आपल्या गावाकडची बोली अशी बाभळीच्या आडून येईल, असं तिला वाटलं नव्हतं. ती हसली. चांगली मोठ्यानं.

बाभळीमागून एक डोकं वर आलं. विस्कटलेले केस, गळ्यात दुर्बीण, आणि तळहातावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी.

"हसायलाव कामून?"

"अळीशी बोलायलाव म्हणून."

"मग कुणाशी बोलू? तिचं घर तुम्ही उपटलंत. आता तिची समजूत कोण काढणार?"

शिवकन्येनं मागं वळून पाहिलं. गांधी जयंतीचं श्रमदान होतं. मुलींना प्राणिशास्त्र विभागामागची पडीक जागा साफ करायला दिली होती. बाकीच्या पोरी वरवर ओरबाडून सावलीला गेल्या होत्या. पण शिवकन्या पडली कोहिनूर गावच्या शेतकऱ्याची लेक. तण दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. रुई, तरवड, कुसळी गवत… जे दिसेल ते मुळासकट उपटून तिनं नीट ढीग रचला होता आणि शाबासकीची वाट बघत होती.

"हे तण हाय," ती म्हणाली, पण आवाज जरा खालीच आला.

"तुमच्या रानात तण असंल. हितं हे घर हाय. ही बया रुईच्या पानाबिगर कशाला तोंड लावत न्हाई."

दोन पावसाळे त्यानं ती जागा कुणाला कापू दिली नव्हती. पाखरं यावीत, फुलपाखरं यावीत म्हणून. पाटी तेवढी लावायची राहिली होती. नाव सुनीलकुमार, गाव भालकी तालुक्यातलं मेहकर, पीएचडीचं दुसरं वर्ष. हे सगळं त्यानं ढिगातली रुईची खोडं निवडता निवडता सांगितलं.

"मग आता?" शिवकन्येचा चेहरा पार उतरला होता.

"आता भरपाई. हॉस्टेलच्या मागं रुई हाय. रोज एक ताजं पान आणायचं, ही उडेपतुर."

"आन न्हाई आणलं तर?"

"तर हिला सांगीन, तुझी सासू लई खाष्ट हाय म्हणून."

खरं तर पान त्यालाही आणता आलं असतं. त्याची खोली हॉस्टेलच्या त्या रुईपासून तिच्या खोलीपेक्षा जवळ होती. हे शिवकन्येला त्याच संध्याकाळी कळलं. तरी ती रोज पान घेऊन जात राहिली.

अळीनं कोष केला. पोपटी, वर सोन्याचे ठिपके. नथीतला खडा असावा तसा. मग एका सकाळी कोष उकलला, आणि ओलं, चुरगळलेलं नारिंगी फुलपाखरू शिवकन्येच्या ओढणीवर चढून बसलं.

"हालू नकोस…" तो कुजबुजला. त्याच्या 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "पंख वाळू दे तिचे. तिला काई घाई न्हाई."

"तिला न्हाई, का तुम्हाला न्हाई?"

सुनीलकुमारचे कान लाल झाले. फुलपाखरू उडालं, तरी तो ओढणीकडंच बघत होता.

उपटलेली रुई पुन्हा लावली, ती जगली. रुईच ती, तिला कोण मारतंय! शिवकन्येनं पाटी रंगवली, कानडीत आणि मराठीत: 'हे तण नव्हे. इथं पाहुणे राहतात.' कानडी अक्षरं त्यानं काढून दिली आणि तिनं गिरवली, त्यात त्याचा हात तिच्या हाताला दोनदा लागला. एकदा चुकून. फुटक्या माठाच्या खापरांत त्यांनी पाणी ठेवलं. बुलबुल आले, होले आले. खडीवर टिटवीनं अंडी घातली, तेव्हा तर वाचनालयातली पोरंही पाय न वाजवता लांबून जायला लागली.

"तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?" तिनं एकदा विचारलं.

"माझ्या बानं. मेंढ्यांमागं चालायचं म्हणजे खाली बघत चालायचं. कुणाचं घरटं पायाखाली येऊ नये."

मेंढ्या म्हटल्यावर पुढं जात आलीच, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो विषय त्यांनी न बोलताच बाजूला सारला. ताटातल्या मिरचीसारखा.

संक्रांतीला ती गावी गेली आणि येताना बांधावरच्या बोरांच्या आठोळ्या आणि तरवडाच्या शेंगा पिशवीभर घेऊन आली.

"आमच्या अप्पांच्या रानातलं बी हाय, वाया जायचं न्हाई. कोहिनूरात किशनराव म्हणलं की कुणीबी रान दाखवतंय."

सुनीलकुमारचा पिशवीकडं आलेला हात जागीच थांबला. मग त्यानं पिशवी घेतली, "बरं केलंत" म्हणाला… आणि त्या दिवसापासून 'तू'चं पुन्हा 'तुम्ही' झालं. का, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही रागानं विचारलं नाही.

माघ सरता सरता स्थळ आलं. मुलगा मूळचा उदगीरकडचा, पुण्यात कंपनीत इंजिनियर, खिशात त्या काळी नवलाचा मोबाईल. शिवकन्या तडक रुईपाशी गेली.

"मला पुण्याचं स्थळ आलंय."

त्यानं झटकन दुर्बीण डोळ्याला लावली. "पुण्याला… नदीकाठी लई पाखरं येत्यात म्हणं."

"पाखरं बघायला नवरा करू व्हय?"

तो दुर्बिणीतून बघतच राहिला. त्याला दिसत काहीच नसणार. काचांवरची झाकणं तशीच होती. तिला त्याचा रागही आला, हसूही आलं, आणि खोलीवर गेल्यावर रडू आलं. बघायला यायचा दिवस ठरला होता. ह्यानं तोंड उघडलं नाही, तर आपण एकटीनं कुणाच्या जोरावर नाही म्हणायचं?

आठवड्यानं तिचे अप्पा किशनराव आणि आई राजूबाई गुलबर्ग्याला आले, बघण्याच्या कार्यक्रमासाठी साडी घ्यायला. शिवकन्या त्यांना दुकानाआधी रुईपाशी घेऊन गेली. "आधी माझी जागा बघा," एवढंच म्हणाली.

सुनीलकुमार खापरात पाणी ओतत होता. किशनरावांना बघून तो ताडकन उभा राहिला. "मालक…"

"अरं! तू लिंगाप्पाचा न्हवं? मेहकरचा?" किशनरावांचा चेहरा फुलला. "ह्याचा बा दर साली आपल्या रानात मेंढ्या बसवतोय की. त्या खतावर ज्वारी अशी येतीय, माणूस दिसत न्हाई आत!"

'मालक' हा शब्द शिवकन्येच्या कानात रुतला. संक्रांतीनंतर तो गप्प का झाला, ते तिला आता कळलं.

कँटीनमधून चहा आला. किशनराव आणि राजूबाई दगडांवर बसले, शिवकन्या पाटीला टेकली. सुनीलकुमार कप घेऊन उभाच राहिला. मग सगळे सगळ्याबद्दल बोलले. औंदाच्या उन्हाबद्दल, टिटवीबद्दल, सोयाबीनबद्दल.

"सोन्यासारखं पोरगं," किशनराव म्हणाले. "कुणाच्या तरी लेकीचं नशीब हाय बघ."

राजूबाईंनी लेकीकडं पाहिलं. लेक त्याच्याकडं बघत होती. तो कपात बघत होता.

"कुणाच्या वो?" राजूबाईंनी विचारलं.

"आता… असंल कुणाच्या तरी. त्यांच्यातली." किशनराव घाईनं उठायला लागले. "चला, दुकान बंद व्हईल."

"अप्पा," शिवकन्या म्हणाली. "पुण्याचं स्थळ नगं मला."

"कामून? येवढी चांगली नोकरी…"

"नोकरीचं न्हाई. तुम्हाला समजलंय, आईला समजलंय. ते धनगर, आपण मराठे. येवढंच हाय ना? त्यांच्या मेंढ्या बसल्या की आपलं रान पिकतंय. मग त्यांचं पोरगं आपल्या वसरीवर बसलं तर काय जळतंय का हो?"

वाऱ्यानं रुईची म्हातारी उडाली आणि किशनरावांच्या पटक्यावर जाऊन बसली. राजूबाईंनी ती काढली नाही.

"येवढंच हाय," किशनराव शेवटी म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पर गावाला काय सांगू मी?"

कप खाली ठेवायचा आवाज झाला.

"सांगा की, लिंगाप्पाच्या पोरानं मागितली." सुनीलकुमार एक पाऊल पुढं आला. "द्यायची का न्हाई ते तुमच्या हाती, मालक. पर न मागता मी गप बसलो आन मिळाली न्हाई, असं मला जन्मभर म्हणायचं न्हाई. मला शिवकन्या आवडतीय. मी मागायलोय."

शिवकन्येनं तोंडावर ओढणी धरली. किशनराव पुन्हा खाली टेकले आणि बाजूला सरकून दगडावर जागा केली.

"बस हितं," ते म्हणाले. "उभ्या-उभ्या पोरगी मागत्यात व्हय रं?"