जुईचं उत्तर येईपर्यंत

प्रयोगशाळेच्या मधोमध कपाटाएवढं यंत्र उभं होतं : वर्गावर्गांतले धडे चालवणारा गतिधर. कुमुद सरनाईक त्याच्याकडे निर्विकारपणे पाहत होत्या. गावातली एकुलती एक विशेष शाळा त्या चालवत. सकाळीच जुई गोसावीच्या आईला त्यांनी सांगितलं होतं, "आमच्याकडे जागा नाही. जिल्ह्याच्या वसतिगृहात खाट रिकामी झाली की कळवतील." आई रडली. बाईंना काहीच वाटलं नाही. तेच वाक्य इतक्या जणींना सांगून काळजाला घट्टा पडला होता. सहा वर्षांची पोर आईपासून लांब राहणार, एवढं फक्त कळत होतं.

"संपदा, मुलं जन्मतात तेवढीच. मग माझ्या दाराशी येणारी दरवर्षी वाढतात कशी?"

संपदा बर्वे गतिधराची अभियंता. "यंत्र चुकत नाही, बाई. कोण किती वेळात उत्तर देतं ते ऐकतं, वर्गाची सरासरी काढतं, त्या वेगानं धडा चालवतं. फार मागे पडेल त्याला विशेष शाळेची शिफारस."

बाईंनी पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर मांडल्या. "सगळ्यांत लहान काढ."

संपदानं काढली.

"आता सगळ्यांत लहान कोणती?"

"ही."

"काढ तीही."

संपदाचा हात अर्ध्यावर थांबला.

"मागचं पोर काढलं की सरासरी चढते, धडा पळायला लागतो. काल बरोबरीनं चालणारं आज मागे पडतं. शेवटी वर्गात उरणार कोण?"

"गतिधर," संपदा म्हणाली. दोघींनाही हसू आलं नाही. "आज्ञावली सीलबंद आहे, बाई. मला हात लावता येत नाही. जो पटावर तो सरासरीत, एवढंच त्याला ठाऊक."

"पटावर कोण येऊ शकतं?"

"आजन्म शिक्षणाच्या कायद्यानं कुणीही... बाई, काहीतरीच काय!"

सोमवारी बाई आपली शाळा सहायक शिक्षिकांवर सोपवून पहिलीच्या शेवटच्या बाकावर येऊन बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन.

"दोन आणि तीन?" गतिधरानं विचारलं.

जुईला उत्तर यायचं, पण ते ओठांपर्यंत पोचायला वेळ लागायचा. बाई तिच्याही खूप नंतर बोलल्या.

"आज्जी, पाच! किती ढ गं तू!" पुढच्या बाकावरचा हृषीकेश करवादला.

"आहेच मी ढ. थांबत जा की जरा माझ्यासाठी."

सरासरी खाली आली. धडा मंदावला. जुईची शिफारस रद्द झाली आणि बाईंची निघाली. त्यांच्याच शाळेनं त्यांना कळवलं : जागा नाही. म्हणून त्या बाकावरच राहिल्या. रोज मुलं त्यांच्या उत्तरासाठी खोळंबत. आधी चिडत, मग नुसती वाट पाहत.

दिवाळीनंतर वसतिगृहातली एक खाट रिकामी झाली. गतिधरानं ती कुमुद सरनाईक, वय सदुसष्ट, यांना देऊन टाकली आणि त्यांचं नाव पटावरून उतरवलं. एकदा उतरलेलं नाव त्याच वर्गात परत चढत नसे.

"उद्या पुन्हा जुईचं नाव येणार," संपदा म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं.

सकाळी बाई वर्गाच्या खिडकीबाहेर उभ्या राहिल्या.

"चार आणि चार?"

हृषीकेशनं तोंड उघडलं आणि मिटलं. कुणीच बोललं नाही. सगळ्यांच्या माना जुईकडे वळल्या. जुई छताकडे बघत होती. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. कुणीतरी शिंकलं.

"आठ," जुई म्हणाली.

"आठ!" मग सगळा वर्ग ओरडला.

गतिधरानं सरासरी काढली. पडद्यावर अक्षरं उमटली : मागे कोणी नाही.

खिडकीच्या गजांवर बाईंचा हात होता. आता काहीतरी वाटायला हवं होतं. लगेच वाटलं नाही.

त्या तिथेच थांबून राहिल्या.